अंग आंबतं म्हणजे नेमकं काय होतं?



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, अंगदुखीवर बोलतो. त्यांना वाटलं सर थट्टा करतायत. ज्या माणसानं आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यानं अंगदुखीवर काय बोलायचं? शिवाय आमच्या नावापुढं डॉक्टर आहे ते तत्त्वज्ञानातलं. गोळी लिहून द्यायचा अधिकार आम्हाला नाही. (हशा) पण हा विषय आमच्यावर बेतला, त्या निमित्तानं आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं आणि लक्षात आलं की यात तर्काच्या दोन-तीन मोठ्या चुका आहेत. त्या आम्हीही केल्या. म्हणून आजचं हे बोलणं.

झालं असं. गेल्या वर्षी न्हाणीघरात आमचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण खाली बसलो ते उठता येईना. ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांनी सांगितलं, मांड्यांत ताकद राहिलेली नाही. खुर्चीवरून उठबस करा, थोडी थोडी. आता 'थोडी' हा शब्द आम्ही ऐकलाच नाही. कॉलेजात असताना दोन वर्षं तालमीत जात होतो, तो ताठा अजून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून साठ बैठका मारल्या. त्या दिवशी काही झालं नाही. रात्री झोपही छान लागली. दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरायला कठड्याला धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आता पुरे. हे काय वय आहे का?" आम्हालाही ते पटलं. पुढं दोन महिने आम्ही काहीही केलं नाही.

खरं नुकसान त्या दोन महिन्यांनी केलं. मांड्यांचं दुखणं पाच दिवसांत गेलं होतं. पण व्यायाम सुटला आणि पाय आणखी वाळले. साठी-सत्तरीच्या किती माणसांचं असं होत असेल! उत्साहानं सुरू करतात, तिसऱ्या दिवशी अंग धरतं, 'आपल्याला झेपत नाही' असं ठरवून टाकतात. उतारवयात स्नायू झपाट्यानं झिजतात. मग एक दिवस माणूस पडतो आणि खाटेला खिळतो.

आंबणं कशाचं?

आपल्या भाषेत म्हणतात, 'अंग आंबलं'. शब्द फार बोलका आहे. गंमत म्हणजे विज्ञानानंही बराच काळ जवळजवळ हेच सांगितलं. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं की बेडकाचा स्नायू थकतो तेव्हा त्यात लॅक्टिक ॲसिड साठतं. दूध आंबून दही होतं तेव्हा जे तयार होतं, तेच हे आम्ल. झालं, लोकांनी जोडून टाकलं: व्यायामानं ॲसिड साठतं, म्हणून अंग दुखतं, मालिश करून ते बाहेर काढा. आजही कुठल्याही जिममध्ये जा, हेच ऐकायला मिळेल.

हे चूक आहे. का, ते बघा. व्यायाम थांबला की रक्तातलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. आणि दुखणं सुरू कधी होतं? बारा ते चोवीस तासांनी. ते सर्वांत जास्त असतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जो पाहुणा काल संध्याकाळीच निघून गेला, त्यानं परवा भांडं फोडलं असं कसं म्हणणार?

१९८३ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हे थेट तपासलं. माणसांना ४५ मिनिटं पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पण नंतर अंग दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, आणि अंग मात्र चांगलंच दुखलं. कारण मानलं ते असून कार्य नाही. कारण नसून कार्य आहे. मग ते कारण कसलं?

चढण दमवते, उतरण दुखवते

मग खरं काय होतं? आपल्या शेजारच्या दंडोबाच्या डोंगरावर जाऊन आलेल्यांना अर्धं उत्तर ठाऊक आहे. चढताना छाती भरून येते, दम लागतो. उतरताना वाटतं, आता सोपं. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या बहुतेक उतरण्यानं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा असतो. तिथं पळालेल्या कुणालाही विचारा.

स्नायू दोन रीतींनी जोर लावतो. उठताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. खाली बसताना तोच स्नायू लांबत जातो, पण सैल सुटत नाही. ब्रेक लावल्यासारखा अंगाचा भार हळूहळू सोडत असतो. लांबता लांबता जोर लावणं हे काम स्नायूला जड जातं, विशेषतः त्याची सवय नसेल तर. स्नायूचे जे अगदी बारीक धागे असतात त्यांची रचना काही ठिकाणी विसकटते. मग शरीर डागडुजीला लागतं. तिथं पाणी साठतं, किंचित सूज येते, आसपासच्या संवेदना जाग्या होतात. म्हणून हात लावला, हललं, की दुखतं; स्वस्थ पडून राहिलं की फारसं जाणवत नाही. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच अंदाज बांधला होता की उशिरा येणारं हे दुखणं थकव्याचं नसून स्नायूच्या आतल्या सूक्ष्म फाटण्याचं असावं.

आता बैठक म्हणजे काय? अर्धं काम उतरणीचंच. आम्ही साठ वेळा दंडोबा उतरलो होतो म्हणा ना. (हशा)

द्राक्षबागेतला धडा

दुसरं अर्धं उत्तर आपल्या द्राक्षबागांत आहे. छाटणीचा हंगाम सुरू झाला की मांडवाखाली दिवसभर हात वर करून कात्री चालवायची. आमच्या ओळखीच्या एक बाई दरवर्षी छाटणीला जातात. त्यांना विचारलं, खांदे दुखत नाहीत का? त्या म्हणाल्या, "सर, पयले दोन-तीन दिस खांदं भरून येत्यात. मग काय न्हाई. अंगाला कळतंय की आता काम हाय."

'अंगाला कळतंय' हे वाक्य आम्ही तेव्हाच वहीत लिहून घेतलं. कारण संशोधकांना प्रयोगशाळेत हेच दिसलं आहे. एकदा स्नायूवर न सोसलेलं काम पडलं आणि तो सावरला, की तेच काम पुन्हा केल्यावर दुखणं बरंच कमी होतं. हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतं. शिवाय ते मिळवायला पहिल्या दिवशी जीव काढावा लागत नाही. थोड्याशा कामानंही ते बरंचसं मिळतं. म्हणजे या दुखण्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय तोच व्यायाम आहे, थोडक्यात सुरू केलेला आणि पुन्हा केलेला.

तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी दमवत नसत. जोर-बैठका मोजून द्यायच्या, मग चढवत न्यायच्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. आपल्या शेजारची आटपाडी त्यांच्याच संस्थानात होती. ते स्वतः रोज नमस्कार घालत. आपण काय करतो? वर्षभर काही नाही आणि रथसप्तमीला एकदम १०८. मग दुसऱ्या दिवशी छाती आणि दंड धरले की नमस्कारांना दोष!

उपाय आणि कावळा

आता धरलेल्या अंगाला काय करायचं? इथं तर्काची दुसरी चूक आहे. हे दुखणं आपोआप, साधारण पाच-सात दिवसांत जातं. तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं, तेव्हा आपण काहीतरी उपाय करतो. चौथ्या दिवशी बरं वाटतं. श्रेय कुणाला? उपायाला! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. जुन्या पंडितांनी यालाच काकतालीय न्याय म्हटलंय. जे दुखणं आपण होऊन जाणार असतं, त्यावर प्रत्येकाचा उपाय लागू पडतो. म्हणून उपाय केलेले आणि न केलेले, अशी दोन्ही माणसं शेजारी ठेवून पाहावी लागतात.

असं पाहिल्यावर काय दिसतं, ते थोडक्यात सांगतो. हलकी मालिश केली तर दुखणं काहीसं कमी होतं. ॲसिड निघून जातं म्हणून नव्हे. मालिश हलकीच हवी. दुखरा स्नायू रगडून काढायचा नाही. हलकं चालणं, हातपाय मोकळे करणं यानं त्या वेळेपुरता चांगला आराम पडतो. कोमट पाण्याची अंघोळ, शेक यांनी बरं वाटतं, जरूर घ्या. गार पाण्यात बसल्यानंही दुखणं थोडं कमी होतं, पण ताकद वाढवण्याच्या व्यायामानंतर रोजच तसं केलं तर स्नायूंची वाढ काहीशी मंदावते असं दिसलंय. ताण देण्याचे व्यायाम, ज्याला स्ट्रेचिंग म्हणतात, त्यांवर लोकांचा फार विश्वास. कोक्रेन या संस्थेनं २०११ साली सगळे अभ्यास एकत्र तपासले. १०० गुणांच्या मोजपट्टीवर, सर्वांत मोठ्या अभ्यासातही, दुखण्यात फरक पडला सुमारे चार गुणांचा. ताण द्या, सांधे मोकळे राहतील. पण अंगदुखीचं औषध म्हणून नको.

वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका. आमच्या वयात पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांचा विचार करावा लागतो. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या. पण डागडुजीला माल लागतो. डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडं, आणि पुरेशी झोप.

दुखलं म्हणजे लागू पडलं?

तिसरी चूक तरुणांची. आमचा नातू म्हणतो, "आजोबा, दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही." न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, कारण अग्नीवाचून धूर नसतो. दुखण्याचा आणि ताकदीचा असा पक्का संबंध आहे का? वर्षातून एकदा डोंगर उतरणाऱ्याला भरपूर दुखतं, ताकद वाढत नाही. रोज मेहनत करणाऱ्या पैलवानाला फारसं दुखत नाही, ताकद वाढते. असा हेतू सव्यभिचार, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे जाणारा. त्यावर भरवसा ठेवायचा नाही. मोजायचंच असेल तर गेल्या महिन्यापेक्षा किती सहज उठता येतं, ते मोजा.

'वेदना' हा शब्द 'विद्' धातूपासून आलाय. विद् म्हणजे जाणणं. बौद्ध विचारात तर वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही, आणि दोन्ही नसलेलीही. आम्हाला हे आता पटतं. अंग धरतं तेव्हा ते कळवत असतं की हे काम नवं आहे, जरा बेतानं घ्या. 'थांबा' असं ते म्हणत नसतं. आम्ही मात्र तसं ऐकलं.

पण कळवणं आणि धोक्याची घंटा यांत फरक करायला हवा. व्यायाम चालू असतानाच कळ आली किंवा काही तुटल्यासारखं वाटलं, सांध्यात दुखतंय, एकाच पायाची पोटरी सुजली, आठवड्यानंतरही दुखणं हटत नाही, तर डॉक्टरांकडे जा. स्नायू फार सुजले, ताकद गेली आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाला धोका असतो. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं तर ते 'अंग धरलंय' म्हणून सोडून देऊ नका. आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर स्नायूदुखी डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या गोळ्यांनीही कधी कधी स्नायू दुखतात.

शेवटी एक प्रश्न आला

समोरच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "मग सर, आता तुम्ही किती करता?"

आजी, दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा सुरू केलं ते पाचपासून. खुर्ची भिंतीला टेकवून, पाच वेळा उठायचं आणि सावकाश बसायचं. एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी मांड्या किंचित जड वाटल्या, एवढंच. दर आठवड्याला दोन वाढवल्या. आज पंचवीस होतात, दोन भागांत. साठ पुन्हा कधी होतील, नाही होतील. आमचा आग्रह नाही. परवा देवघरासमोर खाली बसलो आणि हात न टेकता उठलो. सौभाग्यवती बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली होती.