दुखणं गेलं, गोळी राहिली



या पत्रिकेत मी आजवर लिहिलं ते बेणे प्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन आणि हुमणी यांवर. पस्तीस वर्षे शेतकी खात्यात काढलेल्या माणसाने दुसरं लिहावं तरी काय? पण यंदा संपादक मंडळाने विषय विचारला तेव्हा म्हटलं, या खेपेला ऊस राहू दे, स्वतःवर लिहू. मुलगा आधी नको म्हणाला. "आण्णा, गावात बोभाटा होईल." सौ. म्हणाली, "लिहा. बोभाटा तेव्हाच झालाय, आता निदान खरं काय ते तरी कळेल." तिची परवानगी मिळाली म्हणून हा लेख.

२०१६ चा गळीत हंगाम. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं. रात्री एका फडावरून परतताना पाणंदीत सांडलेल्या वाढ्यांवरून मोटरसायकल घसरली आणि मी कमरेवर आपटलो. मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहिल्या. एक दुखण्याची, तिच्यात ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र, सकाळ-संध्याकाळ. दुसरी झोपेची, अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम, रात्री एक. आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं, दहा दिवस. डॉक्टरांचा यात काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या गोळीने अर्ध्या तासात जो आराम पडला तो काय सांगावा! नुसती कंबर नव्हे, डोक्यातली कटकटसुद्धा थांबली. तोडणी कार्यक्रम, मुकादमांच्या उचली, सभासदांच्या तक्रारी, सगळं लांबून ऐकू आल्यासारखं झालं. दहा दिवस संपले तेव्हा कंबर निम्म्याहून अधिक बरी होती. पण हंगाम चालू, रजा मिळणार नव्हती. मेडिकलवाला ओळखीचा. जुनी चिठ्ठी दाखवली, त्याने पट्टी दिली. पुढे चिठ्ठीही दाखवावी लागेना. गाडी थांबली की पट्टी पुढे येई.

आता माझ्याच खात्यातला दाखला देतो. आपल्या भागात कित्येकांनी वर्षानुवर्षे युरियाची पोती वाढवत नेली. पहिल्या वर्षी दोन पोत्यांत ऊस काळाभोर दिसायचा. पुढे तेवढाच रंग यायला तीन लागली, मग चार. आम्ही सांगायचो, दादा, युरिया कमी पडत नाही, जमिनीचा कस गेलाय. सभासद मान हलवायचे आणि पाचवं पोतं न्यायचे. मी स्वतःच्या देहाशी नेमकं हेच करत होतो, आणि पस्तीस वर्षांच्या अनुभवाचा मला त्यात कणभर उपयोग झाला नाही. दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार. दीड वर्षात मी दिवसाला सहा गोळ्यांवर होतो आणि रात्रीची पाव मिलिग्रॅमची गोळी एक मिलिग्रॅमवर गेली होती. झोप मात्र पहिल्यापेक्षा कमीच.

हे असं का होतं, ते मला पुढे जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी समजावलं. अफूच्या बोंडातून निघणारं मॉर्फीन वेदनेचा निरोप मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या जागी अडवतं, त्याच जागी ट्रामाडॉलही काम करतं. शरीर काही मुकाट बसत नाही. रोज बाहेरून निरोप अडवला जातोय म्हटल्यावर त्या जागा बधिर होतात. मग तेवढ्याच आरामाला जास्त औषध लागतं. याला म्हणायचं मात्रा अंगवळणी पडणं. गंमत अशी की सगळ्याच गोष्टी सारख्या अंगवळणी पडत नाहीत. आराम लवकर ओसरतो, पण बद्धकोष्ठ जसंच्या तसं राहतं. ते मी दीड वर्ष भोगलं. श्वास मंदावण्याचा धोकाही आरामाच्या मापाने कमी होत नाही. आणि फार दिवस घेतल्यावर काही जणांत ही औषधं वेदना उलट वाढवतात. माणूस समजतो दुखणं बळावलं, आणि आणखी एक गोळी घेतो.

झोपेच्या गोळीचं गणित थोडं निराळं. मेंदूला स्वतःचा एक ब्रेक असतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या त्या ब्रेकवर बाहेरून पाय ठेवतात. महिनोन् महिने पाय ठेवलेला राहिला की मेंदू आपला ब्रेक सैल करतो. आता भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उतारावर आहे आणि तुम्ही एकदम पाय काढला, तर काय होईल? या गोळ्या साधारण दोन ते चार आठवड्यांपुरत्या द्यायच्या असतात. मी त्या अठरा महिने घेतल्या.

घरच्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. सौ. म्हणायची, "अहो, तुम्ही बोलता बोलता थांबता." नातवाचा वाढदिवस विसरलो. एकदा वजनकाट्यावर उभ्या उभ्या डुलकी लागली. नशीब, काम कागदाचं होतं, कुठल्या यंत्रावरचं नव्हतं. मी सगळ्यांना सांगायचो, वय झालं.

२६ एप्रिल २०१८ रोजी केंद्र सरकारने ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. खरं तर त्याआधी, १ मार्च २०१४ पासूनच, ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलाम यांसारख्या औषधांसाठी नियम होता. दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. माझं नाव कुठल्या वहीत होतं देव जाणे! पण नवा कायदा आल्यावर आमच्या मेडिकलवाल्याने हात वर केले. "साहेब, आता दोन्ही बंद. चिठ्ठी आणा." मला राग आला. म्हटलं, तुझ्या गोळीवाचून मी काय मरतोय?

दुसऱ्या दिवशी दुपारपासून जांभया सुरू झाल्या. नाक गळू लागलं, भर मे महिन्यात अंगावर काटा. रात्री पोटऱ्या अशा ओढायला लागल्या की अंथरुणात पाय ठरेना. जुलाब. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस पायाला चोळला. तिसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरत होते, पत्र्यावर मांजर चाललं तरी छातीत धस्स होई. चौथ्या दिवशी पहाटे गोठ्यात धार काढायला बसलो आणि तिथेच झटका येऊन पडलो. चरवी सांडली, म्हैस बुजली. सौ. धावत आली तेव्हा माझे दात बसलेले होते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, कुठल्या गोळ्या एकदम बंद केल्या?" मी खोटं बोललो. सौ.ने पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर ओतल्या. मोजल्या नाहीत कुणी, पण आवाज मला अजून आठवतो.

अफूच्या जातीचं औषध एकदम सुटलं तर माणूस हैराण होतो, सहसा मरत नाही. झोपेची गोळी एकदम सुटली तर मात्र फिट येऊन जिवावर बेतू शकतं. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१५ साली तेलंगणात निजामाबाद आणि आसपासच्या भागात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. त्या ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी द्रव्यं मिसळलेली असत. पुरवठा थांबताच थरकाप, भ्रम, फिट अशा तक्रारींनी शेकडो माणसं इस्पितळात आली. आपण गोळी खातो हेसुद्धा त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

आणि हे अडाण्यांचंच होतं असं कुणी समजू नये. अमेरिकेत १९९६ साली पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सीकॉन्टिन नावाची दुखण्याची गोळी आणली. डॉक्टरांना पटवलं की हिची सवय फारशी लागत नाही. २००७ साली याच खोट्या प्रचाराबद्दल कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर गावंच्या गावं त्यात बुडाली होती. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर झोपेची वा गुंगीची औषधं घेणारे सुमारे १ कोटी १८ लाख निघाले. म्हणजे मी काही एकटा नव्हतो. असो.

मला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. भावकीत कुजबुज झाली, "आण्णाला वेड्यांच्या डॉक्टरकडं नेलं." त्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिल्यांदा गोळी बंद केली नाही, उलट पुन्हा चालू केली! मी बघतच राहिलो. मग म्हणाल्या, "काका, क्षारपड जमीन एका हंगामात सुधारते का?" मी म्हटलं, नाही बाई; चर काढायचे, ताग-धैंचा गाडायचा, तीन-चार वर्षं धीर धरायचा. "मग तसंच करू या," म्हणाल्या. अल्प्राझोलामच्या जागी शरीरात जास्त वेळ टिकणारं डायझेपाम दिलं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवलं. कधी मी म्हणे, जरा वेगाने उतरवा. त्या ऐकत नसत. ट्रामाडॉल आधी सुटलं. झोपेची गोळी सुटायला अकरा महिने लागले. शेवटचा पाव तुकडा सर्वांत जड गेला. तीन वेळा सोडला, दोन वेळा परत घेतला. सौ. रोज सकाळी मोजून एक दिवसाच्या गोळ्या हातावर ठेवायची, बाकीच्या तिच्या ट्रंकेत.

डॉक्टरीणबाईंनी एक भेद सांगितला तो इथे देतो. औषधाविना शरीराला त्रास होणं एक, आणि औषधापायी खोटं बोलणं, लपवणं, घरदार विसरणं दुसरं. पहिलं कुणालाही होऊ शकतं, त्यात लाज कसली? माझं दुसरंही सुरू झालं होतं, ते मी कबूल करतो. पण हे वाचून कुणी कर्करोगाच्या पेशंटचं मॉर्फीन बंद करू नका. तिथे ते औषध हक्काचं आहे. आणि कुणाच्या घरी झोपेची गोळी बरेच महिने चालू असेल तर आज रात्रीच ती फेकून द्यायला निघू नका. गोठ्यातली माझी पहाट आठवा आणि आधी डॉक्टर गाठा. मध्ये काही दिवस सुटून पुन्हा पहिल्याच मापाने घेणंही घातक, कारण शरीर तोवर ते माप विसरलेलं असतं.

हंगाम तोंडावर आहे म्हणून दोन गोष्टी ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणि मुकादमांसाठी. या गोळ्या घेऊन वर दारू घेतली तर दोघी मिळून श्वास मंदावतात, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. ट्रामाडॉल जादा घेतलं तर फिट येते. रात्रपाळीत दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याने ते घेऊ नये. तोडणीच्या बाया-माणसांना सकाळी कामावर जाताना जी साधी दुखण्याची गोळी वाटली जाते, डायक्लोफेनॅक वगैरे, तिची अशी चटक लागत नाही. पण उन्हात, कमी पाण्यावर, उपाशीपोटी रोज घेतली तर मूत्रपिंड आणि जठर खराब करते. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

मदत लागली तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, मराठीत बोलता येतं. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण पुष्कळांना माहीत आहेच.

माझी कंबर अजून दुखते. थंडीत जास्त. सकाळी पाटाच्या कडेने तीन किलोमीटर चालतो, डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम करतो, रात्री कधी दोन वाजता जाग येते तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसतो. मागच्या महिन्यात अशाच रात्री शेजारचा पोरगा कंपाउंडला आला, कमरेत वाकलेला. "आण्णा, तुमच्याकडची ती पहिली गोळी असंल तर द्या की एक, लई कळ मारतीया." मी मुलाला उठवलं, जीप काढायला लावली आणि त्याला तालुक्याला नेला. सोनोग्राफीत आठ मिलिमीटरचा मुतखडा निघाला.