तीन रकान्यांतून एक तारीख

जुन्या पत्रांची यादी संगणकावर करितांना सन, महिना व दिवस हीं तीन निरनिराळ्या रकान्यांत मांडण्याची रीत चांगली आहे. कारण मूळ कागदांत एखादें अंग नसल्यास तेवढाच रकाना रिकामा राहतो. परंतु पत्रांचा कालानुक्रम लावावयाचा तर ह्या तिहींची एक तारीख करावी लागते. 'आर' ह्या सांख्यिकी भाषेंत हें कसें साधतें व त्यांत चूक कोठें संभवते, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम जोडणी. १७६१, १ व १४ हे अंक नुसते एकापुढें एक ठेविले तर १७६१११४ असें होतें. हें १४ जानेवारी कीं ४ नोव्हेंबर, हें कोण सांगणार? म्हणून 'स्प्रिंटएफ' ह्या आज्ञेनें एकेरी अंकाआधीं शून्य घालावें व मध्यें आडवी रेघ द्यावी: १७६१-०१-१४.

एवढ्यानें झालेली वस्तु तारीख नव्हे, केवळ अक्षरें होत. 'अ‍ॅज डेट' ह्या आज्ञेस तीं, घटकांचा क्रम सांगून, दिलीं म्हणजे त्यांची दिनसंख्या होते. ही गणना १ जानेवारी १९७० पासून चालते. त्यापूर्वींचे दिवस ऋण धरितात. पानिपतच्या संग्रामाचा दिवस येणेंप्रमाणें उणे ७६३२२ होतो. दाखवितांना 'फॉरमॅट' आज्ञेनें हवें तें रूप द्यावें. आंतली संख्या बदलत नाहीं. ३० फेब्रुवारीसारखी अशक्य किंवा दिवसावांचूनची नोंद आल्यास उत्तर 'एनए', म्हणजे अज्ञात, असें येतें. तेथें मनानें १ हा दिवस भरूं नये; तो पुढें मूळ कागदांतलाच समजला जातो.

आतां मुख्य मुद्दा. हें यंत्र सर्व काळास ग्रेगरी गणनाच लावितें. जेधे शकावलींत शिवजन्म शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार असा आहे. त्याची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन गणनेची होय. ती तशीच घातली तर यंत्र मंगळवार सांगतें. दहा दिवस मिळवून १ मार्च घातली तर शुक्रवार बरोबर जुळतो. म्हणून जेथें वार उपलब्ध आहे, तेथें तो अवश्य ताडून पाहावा.

पोर्तुगालनें नवी गणना १५८२ सालीं घेतली. इंग्रजांनीं १७५२ पर्यंत जुनीच चालविली, आणि तोंवर त्यांचें वर्षहि २५ मार्चला बदले. सबब इंग्रजी पत्रावर जानेवारी १६७३ असेल, तर तें आपल्या हिशेबानें १६७४ चें असूं शकतें. सुरतेच्या वखारीचीं व गोव्याचीं पत्रें एकाच यादींत असतील, तर गणनेचा चौथा रकाना ठेवावा, आणि मूळ तीन रकाने कधींहि पुसूं नयेत. नाहींतर उत्तर आधीं व प्रश्न मागून असा क्रम लागेल, आणि त्यावर रचलेला इतिहासहि तसाच उलटा होईल.