तोंडात तीन बोटं जातात का?

“डॉक्टरसायेब, तिखट लागलं का तोंड जयते.” दर्यापूर तालुक्यातला चाळिशीचा शेतकरी ओपीडीत आला होता. तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तर दोनच गेली. खिशात खर्र्याची पन्नी होतीच. “सोडून पायला. तिसऱ्या दिवशी बायकोवर खेकसलो, अन् सांजच्याले पुन्हा टपरीवर.”

यात मनाच्या कमजोरीपेक्षा निकोटीनचा हात मोठा आहे. खर्रा म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. चुन्यामुळे निकोटीन गालाच्या आतून लवकर रक्तात उतरतं. मेंदूला त्याची सवय लागते. खर्रा सोडल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप उडणं हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. हेच दिवस औषधाने निभावता येतात.

निकोटीनचं च्युइंगगम २ आणि ४ मिलिग्रॅमचं मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासात खर्रा लागत असेल, तर सहसा ४ चं देतात. मात्र ते खर्र्यासारखं चघळायचं नाही. हळू चावायचं, चुणचुण जाणवली की गालात धरायचं, चुणचुण थांबली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा घेऊ नये. पुढे गम कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद करायचं. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

“मग नुसती सुपारी खाऊ का?” हा प्रश्न हमखास येतो. नाही. सुपारीतल्या अ‍ॅरेकोलीनचीही सवय लागते आणि तोंड आखडण्याचं मुख्य कारण सुपारीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही. पण खर्रा लवकर सोडला तर पुढचं नुकसान रोखण्याची संधी मिळते. तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असली, तर लगेच दाखवा. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

आठवड्याने तो परत आला. लग्नात एकदा खर्रा खाल्ला, म्हणून मान खाली होती. मी रागावलो नाही. एकदा घसरलं म्हणजे सगळं वाया गेलं, असं नसतं. सोबत बारा वर्षांचा मुलगा होता. टपरीवरून बापाचा खर्रा आणायला आजवर तोच जायचा.

“आता नाई पाठवत,” बाप म्हणाला.