मुलांच्या मनासाठी घरातला फोन

दिवाळीच्या सुमारास नेवासे तालुक्यातील सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. या कुटुंबांबरोबर आलेल्या मुलांची गावाकडची शाळा अर्ध्यावर राहते. कोणी धाकट्या भावंडांना सांभाळते, कोणी आईबापाबरोबर फडात जाते.

पण धोक्यात असलेली मुले फक्त कोप्यांवरच नसतात. वडील गमावलेला मुलगा, दोनदा नापास झालेली मुलगी, नववीतच जिच्या रिश्त्याची बोलणी सुरू झाली ती, ही आपल्याच मोहल्ल्यातली मुले. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यात महाराष्ट्र पहिला होता: १,७६४. ही मुले कोणाच्या तरी घरात वाढत होती.

खेड्यातल्या शाळेत समुपदेशक क्वचितच असतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे तर शहर गाठावे लागते आणि एका दिवसाची मजुरी बुडते. ही अडचण फोनने बरीच कमी केली आहे.

कोणता नंबर कशासाठी?

१४४१६ ही केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. फोन लावल्यावर भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज असेल तर तो तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवतो. साधा बटणाचा मोबाइलही पुरतो.

१०९८ हा नंबर मुलांवरील अत्याचार, बालमजुरी आणि बालविवाहासाठी आहे. १९९६ मध्ये मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून ही सेवा सुरू झाली. मूल स्वतः फोन करू शकते. शेजारी किंवा शिक्षकही करू शकतात. जिवाला धोका असेल तर मुलाला एकटे सोडू नका आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते.

घराने काय करावे?

नंबर असून भागत नाही. फोन अब्बांच्या खिशात असतो आणि बोलताना अख्खे घर ऐकत असते. अशा वेळी मूल काय सांगणार? अर्धा तास फोन त्याच्या हाती द्या आणि दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात जा. नंतर “काय बोललास?” म्हणून उलटतपासणी घेऊ नका.

मूल रात्र-रात्र झोपत नाही, जेवण टाकते, दोस्तांना टाळते, “मी नसलेलंच बरं” असे म्हणते. तेव्हा कोणी नजर लागली म्हणते, कोणी नखरे म्हणते. अशी चिन्हे पंधरा दिवस टिकली तर शाळेत गुरुजींना भेटा आणि १४४१६ वर अम्मीने स्वतःच फोन करून विचारावे. पालकांनाही तिथे सल्ला मिळतो. मात्र मरणाची भाषा कानावर आली, तर पंधरा दिवस नव्हे, पंधरा मिनिटेही थांबू नये.

हल्ली काही मुले मनातले मोबाइलमधल्या चॅटबॉटला सांगतात. तो उत्तर देतो, पण मुलाचा चेहरा पाहू शकत नाही आणि रात्री त्याच्या उशाशी बसू शकत नाही. ते काम घराचेच आहे.

हे नंबर आज घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये साठवा. मदरशाच्या आणि शाळेच्या फलकावरही लिहायला सांगा.