आशाबाईंच्या कंठातला ‘फंक’

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी, विशेषतः जेम्स ब्राउन यांनी, 1960 च्या दशकात जी ‘फंक’ शैली रूढ केली, जिच्यात आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सारा भार येतो आणि बेस गिटार निव्वळ साथीची मर्यादा सोडून पुढे सरसावते, तिचा आपल्याकडील सर्वांत धीट आविष्कार कोणता, असे कोणी विचारल्यास मी ‘डॉन’ (1978) मधील ‘ये मेरा दिल’ हेच नाव बेधडक घेईन. कल्याणजी-आनंदजींचे संगीत, हेलन यांचे नृत्य आणि सांगली संस्थानात जन्मलेल्या आशा भोसले यांचा कंठ असा तो दुर्मीळ योग. याच गीतासाठी आशाबाईंना फिल्मफेअर पारितोषिकही लाभले.

पुढे 2005 मध्ये ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकी चमूने या गीताचे आणि ‘अपराध’ (1972) मधील आशाबाईंच्याच ‘ऐ नौजवान’चे अंश घेऊन नवे गाणे रचले व 2006 साली ग्रॅमीच्या दप्तरी विजेते म्हणून आपली नोंद करविली. (सन्मान त्यांचा, ऐवज मात्र मुंबईचा!)

‘खडी गंमत’ या लोकनाट्याच्या ढोलकीवर कान तयार झालेल्या आमच्या भंडाऱ्याकडील रसिकांनी ‘ये मेरा दिल’ पुन्हा एकवार, शब्दांकडे तूर्त दुर्लक्ष करून, केवळ बेस गिटारीसाठी अवश्य ऐकावे.