मनाच्या रुग्णाचा ताप कशाला मोजायचा?



सातपुड्यातील पाड्यांवर मानसिक रुग्णांना भेटी देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना मी या तिमाहीत नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब मोजायला शिकवत आहे. वरचा प्रश्न मंडळीतील काहींनी मला विचारला, म्हणून हे लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी दगावतात. बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांमुळे होतात. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. शिवाय रुग्णाने दुखणे सांगितले, तरी "त्याचं डोकंच ठिकाणावर नाही" म्हणून कोणी ते मनावर घेत नाही.

प्रौढ माणसाची विसाव्याच्या वेळची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. श्वास रुग्णाला न सांगता, पूर्ण मिनिटभर मोजायचा. लक्षात आले की तो बदलतो. डोंगर चढून आलेल्याचा रक्तदाब लगेच घेऊ नये. पाच मिनिटे बसवावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, आणि बोलणे बंद. १४०/९० किंवा अधिक पुन्हा पुन्हा आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. प्रत्येक आकडा वहीत लिहायचा, कारण मागच्या भेटीशी तुलना केल्यावरच बदल कळतो.

सर्वांत महत्त्वाचा धडा अचानक झालेल्या बदलाचा. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज बरळू लागला, तर "वेड वाढले" असे समजू नये. मलेरिया, न्युमोनिया किंवा रक्तातील साखर उतरल्यानेही तसे होते. आपल्या भागात सिकलसेल आढळतो. अशा रुग्णाला ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे दिसले, तर थांबायचे नाही, १०८ ला फोन करायचा. लिथियम घेणाऱ्याला जुलाब-उलट्या लागल्या, हात थरथरू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे.

निदान करणे किंवा औषध बंद करणे हे कार्यकर्त्याचे काम नाही. पाहणे, मोजणे, लिहिणे आणि वेळेवर कळवणे, एवढेच त्याचे काम. पण पाड्यावर ते करणारा दुसरा कोणी नसतो.

आणखी थर्मामीटर आणि दंडाला बांधायची रक्तदाबाची यंत्रे हवी आहेत. शक्य असेल त्यांनी द्यावीत, आणि पायी फिरणाऱ्या या कार्यकर्त्यांना प्रार्थनेत आठवावे.