गाडीच्या सेन्सरला पाच व्होल्ट कोठून घ्यावेत?

मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोशाचे कापड गाडीत भरून मी नागपूरच्या बाजारात नेतो. धंदा कापडाचा खरा, पण माल वेळेवर पोहोचवते ती गाडी, म्हणून आज तिच्याविषयी.

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. गोदामाजवळ गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये शिरणारच. माझ्या गाडीच्या थ्रॉटल सेन्सरची वायर त्यांनी कुरतडली. वाटेतल्या एका मिस्त्रीने तुटलेली जागा शोधण्याऐवजी बॅटरीवरून सरळ वायर ओढून सेन्सरला जोडली. गाडी थोडा वेळ घुरघुरली आणि बंद पडली. सेन्सर गेला, बाजारही गेला. ऐन लग्नसराईतले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढले.

दुसऱ्या एका जुन्या उस्तादांनी मीटर लावून मला समजावले. बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना मीटर चौदाच्या आसपास दाखवते. थ्रॉटल सेन्सरला मात्र पाचच व्होल्ट लागतात. हे पाच व्होल्ट कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, स्वतः पुरवतो आणि परत आलेला सिग्नल त्याच पाचाशी ताडून पाहतो. म्हणून बाहेरून अगदी बरोबर पाच व्होल्ट दिले तरी हिशेब चुकू शकतो. गज एका दुकानाचा आणि माप दुसऱ्याचे, असा प्रकार. बारा-चौदा व्होल्ट दिले तर तोच दाब सिग्नलच्या वायरीतून ईसीयूत शिरतो, आणि ईसीयूची किंमत ऐकली की घाम फुटतो. अशा वेळी मूळ वायरच जोडून, इन्सुलेशन करून घ्यावी. उपाय एवढाच.

वेगळे मीटर आणि त्याचा वेगळा सेन्सर बसवायचा असेल तर गोष्ट निराळी. तेथे ईसीयूच्या पाच व्होल्टला हात लावू नये. नव्या वायरीत शॉर्ट झाला तर गाडीचे इतर सेन्सरही बंद पडतील. दोन रेझिस्टन्स लावून व्होल्टेज उतरवण्याची युक्तीही फसवी, कारण बॅटरीचा दाब किंवा सेन्सरचा भार बदलला की पाचाचे साडेचार होतात. रेग्युलेटर लावावा. रेडिओवाल्यांकडचा ७८०५ स्वस्त पडतो, पण त्याला किमान सात व्होल्ट यावे लागतात आणि स्टार्टर मारताना बॅटरी बरीच खाली बसते. शिवाय अल्टरनेटरचे झटके त्याला सोसतीलच असे नाही. एलएम २९४० हा गाडीसाठीच बनवलेला आहे. तो अर्ध्या-एक व्होल्टच्या फरकावर चालतो, उलटी बॅटरी लागली तरी जळत नाही. त्याच्या बाहेरच्या बाजूला निदान २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवाच, नाहीतर व्होल्टेज थरथरते.

सप्लाय चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवरून, आधी एक ॲम्पियरचा फ्यूज लावून घ्यावा. अर्थिंग पत्र्याला कोठेही न देता इंजिनच्या पक्क्या अर्थला द्यावे. जोडणी झाली की सेन्सर लावण्याआधी मीटरने पाच व्होल्ट येतात का ते पाहावे, एकदा इंजिन बंद असताना आणि एकदा चालू असताना. आमच्या त्या पहिल्या मिस्त्रीकडे मीटर नव्हतेच, बल्ब लावूनच सारे काम. बल्ब पाचावरही मिणमिणतो आणि चौदावरही पेटतो.